चंपा अक्काचं उष्टं

"दुसऱ्याच्या घरात वाकून बघू नये," असं आई मला लहानपणी बजावायची. घरात मी कधी बघितलं नाही. पोटात मात्र बघितलं, सगळी हयात बघितलं, आणि त्याबद्दल लोकांनी वर मला नमस्कारही केले. तंजावुरात माझ्या दवाखान्यावर नावाची पाटी होती, पाटीवर डिग्र्या होत्या, पण ती पाटी कुणी वाचली असेल तर शपथ. गावात मी 'ट्यूब अम्मा'. जुन्या बस स्टँडवर "ट्यूब अम्माकडे जायचंय" म्हटलं की ऑटोवाला आधी तुमच्याकडे दयेनं बघतो आणि मगच मीटरकडे.

संपादकांनी कळवलं की 'रुग्णसेवेतले हृद्य अनुभव' लिहा. हृदय माझ्या खात्यात नाही, ते शेजारच्या बिल्डिंगमधल्या डॉक्टरांकडे. माझ्याकडे जठर, म्हणून मी जठराचंच लिहिते. दुसरी गोष्ट भाषेची. आमचे पूर्वज राजांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि इथलाच भात खाऊन राहिले. मराठी आम्ही घरात बोलतो, बाहेर तमिळ, आणि भांडण जोरात आलं की इंग्रजी. नागरी अक्षरं मला वडिलांनी मारून शिकवली; माझ्या मुलाला मारायला मला वेळ झाला नाही, त्यामुळे तो हा लेख वाचू शकणार नाही. माझी मराठी संपादकांनी हवी तेवढी धुवून, वाळवून घ्यावी. चंपा अक्काचं बोलणं तेवढं आहे तसं ठेवावं.

आधी धंदा सांगते. करंगळीएवढी जाड, काळी, वाकणारी नळी असते. टोकाला दिवा आणि कॅमेरा. पेशंट उपाशीपोटी येतो, डाव्या कुशीवर झोपतो, घशात बधिर करणारा फवारा मारतात, दातांत प्लास्टिकचं कडं बसवतात म्हणजे नळीला कुणी चावत नाही. मग मी म्हणते, "गिळा." माझ्या सगळ्या शिक्षणाचं सार त्या एका शब्दात आहे. कलेक्टर असो, भटजी असो, सावकार असो, ट्यूब अम्मा गिळा म्हणाली की गिळायचं. नळी खाली उतरते आणि पडद्यावर पोट दिसतं. निरोगी पोट धुऊन चुण्या पडलेल्या गुलाबी सिल्कच्या साडीसारखं दिसतं. दुखणाईत पोट कसं दिसतं ते दिवाळीच्या अंकात सांगत नाही.

आता त्या जंतूबद्दल. त्याचं नाव लांबलचक आहे; आम्ही डॉक्टर 'पायलोरी' म्हणतो आणि पेशंट 'पूची' म्हणतात. तमिळमध्ये झुरळापासून जंतूपर्यंत सगळी पूचीच. जठरात इतकं जळजळीत आम्ल असतं की तिथं काही जगूच शकत नाही, असं मोठमोठे डॉक्टर वर्षानुवर्षं छातीठोक सांगत होते, आणि ही पूची त्यांच्या स्वतःच्याच पोटात बसून ते ऐकत होती. ती काय करते, तर आपल्याभोवती अमोनिया तयार करते, म्हणजे क्षार. आम्लाच्या समुद्रात स्वतःपुरतं क्षाराचं घर बांधून राहते.

तिला पकडायची माझी युक्तीही त्यावरच चालते. नळीतून बारीक चिमटा घालून अस्तराचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा घ्यायचा आणि पिवळ्या जेलीवर ठेवायचा. पूची असली तर जेली गुलाबी होते, नसली तर पिवळी राहते. हे इथल्या लोकांना समजावून सांगायला मला कधी कष्ट पडले नाहीत. लग्नात नवरानवरी दारात आली की हळदीच्या पाण्यात चुना टाकून लालभडक आरत्ती करतात आणि ओवाळून दृष्ट काढतात. चुना क्षार, अमोनियाही क्षार. पापनाशमचा एक भातशेतीवाला हे ऐकून म्हणाला होता, "म्हणजे अम्मा, ती माझ्या पोटात बसून रोज स्वतःला आरत्ती करून घेते!" एवढं नेमकं मला परीक्षेतही लिहिता आलं नव्हतं.

बहुतेकांच्या पोटात ती जन्मभर गुपचूप राहते आणि त्यांच्याबरोबर जाते. काहींना व्रण होतात. आणि थोड्यांच्या बाबतीत, वर्षानुवर्षं आग धुमसत राहून अस्तर झिजतं, विरतं, त्याजागी भलतंच अस्तर उगवतं, आणि त्यातल्याही थोड्यांना कर्करोग होतो. ते थोडे कोण, हे आधी सांगता येत नाही. घरात कुणाला झाला असेल तर बाकीच्यांनी तपासून घ्यावं, एवढंच शहाणपण आमच्याकडे आहे. पूची बहुधा लहानपणी येते, गढूळ पाण्यातून नाहीतर जवळच्या माणसाच्या तोंडातून. घालवायला दोन आठवडे मूठमूठ गोळ्या, आणि तेवढे दिवस तोंडाला पितळेचा तांब्या चाटल्यासारखी चव.

या सगळ्या शास्त्राला एकटीनं हरवणारी एक वस्तू आमच्या गावानं शोधून काढली आहे. ती म्हणजे गॅसची गोळी. तंजावुरात पहाटे उठल्यावर आधी गॅसची गोळी, मग फिल्टर कॉफी, मग देव. या गोळीनं आम्ल कमी होतं, पूची दबून बसते आणि तपासणी साफ खोटं बोलते. म्हणून तपासणीआधी दोन आठवडे ती बंद ठेवावी लागते. त्या पापनाशमवाल्याला मी विचारलं होतं, "औषध काही चालू?" नाही. "रोजची गोळी?" नाही. "ताप, डोकेदुखी, काही?" काही नाही. जेली पिवळी. जाताना मी सहज म्हटलं, "गॅसची गोळी?" तर म्हणतो, "ती घेतो की अम्मा, आज सकाळीही घेतली. पण ती कुठं औषध आहे?" त्याला पुन्हा बोलवावं लागलं आणि तेव्हा कुठं त्याची आरत्ती दिसली. तेव्हापासून गोळीचं नाव घेऊन मी तीन-तीनदा विचारत असे. तरीही फसले, ते पुढं येईलच.

सेतुराव आमच्यातलेच, तंजावूरचे मराठी. बँकेत मॅनेजर होऊन निवृत्त झालेले, उंच, कपाळाला गंध, धोतराची घडी कधी मोडलेली नाही. पाणी ओठ न लावता वरून ओतून पिण्याची इकडे सगळ्यांनाच सवय, पण हे गृहस्थ कढत कॉफीसुद्धा तशीच पीत. हॉटेलात पाऊल नाही, प्रवासात पाणी घरचं. 'एच्चल' म्हणजे उष्टं, आणि हा शब्द त्यांच्या तोंडी देवाच्या नावापेक्षा जास्त वेळा येई. नाकानं कांदे सोलणारा माणूस म्हणावा, तर कांदा त्यांच्या घरात येत नसे.

त्यांचे थोरले भाऊ, घरातले अण्णा, माझे पेशंट होते. कॉलेजात गणित शिकवत. जळजळ वर्षानुवर्षं ताकावर ढकलली, आणि घास उतरेना तेव्हा माझ्याकडे आले. पडद्यावर गाठ दिसली. पुढचा पोंगल त्यांनी पाहिला नाही. फार शांत, मिस्कील माणूस होता. मला त्यांचं आजही वाईट वाटतं. तेव्हाच मी सेतुरावांना म्हटलं होतं, "तुम्हीही तपासून घ्या." चांगला मुहूर्त शोधण्यात त्यांचं एक वर्ष गेलं.

आले ते स्वतःचा तांब्या घेऊन. प्लास्टिकचं कडं पाहून म्हणाले, "डॉक्टर, हे आधी कुणाच्या तोंडात होतं?"

"कुणाच्याच नाही. प्रत्येकाला नवं."

"आणि नळी?"

"नळी जंतुनाशकात धुतलेली आहे. गिळा."

नळी जिल्ह्यातल्या यच्चयावत जातिधर्मांच्या पोटांत जाऊन आलेली होती. हे मी त्यांच्यापासून लपवलं नाही, फक्त नळी बाहेर काढल्यावर सांगितलं. 

जेली बघताबघता गुलाबी झाली. मी त्यांना दाखवली. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "हे येतं कुठून?"

"बहुधा लहानपणी. जवळच्या माणसाच्या तोंडातून."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "आमच्या घरात उष्टं कुणी खात नाही. पिढ्यान्‌पिढ्या नाही."

"मग पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी चोरून खात असेल."

ते हसले नाहीत. गोळ्या मात्र अशा नेमानं घेतल्या की औषध कंपनीनं त्यांचा सत्कार करावा. बायकोला घेऊन आले, चेन्नईच्या मुलालाही दम देऊन आणलं. राहिली त्यांची थोरली बहीण, चंपा अक्का. लहान वयात विधवा होऊन माहेरी आलेली, भावांच्या संसारातच म्हातारी झालेली. वयानं सगळ्यांत मोठी, सख्खा भाऊ या रोगानं गेलेला. खरं तर आधी तिलाच तपासायला हवं होतं. पण तिचं नाव काढलं की सेतुराव ताठ व्हायचे.

"ती सोवळ्यात असते. तिच्या पोटात नळी? छे छे."

"सोवळं पोटाच्या बाहेर असतं, सेतुराव."

"तुम्हाला नाही कळायचं," म्हणाले आणि उठून गेले. कर्मठपणापायी हा माणूस बहिणीचा जीव धोक्यात घालतोय, असं माझं ठाम मत झालं. दवाखान्यात मी त्यांच्या नकला करून सिस्टरना हसवतही असे.

मग नवरात्र आलं. आमच्याकडे घरोघर कोलू मांडतात, पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या, आणि बायकांना हळदीकुंकवाला बोलावतात. सेतुरावांच्या बायकोनं मलाही बोलावलं. बाहुल्यांशेजारी चंपा अक्का बसली होती. एवढीशी, वाकलेली, केस कापसासारखे, पण पुढचे दात अस्सल स्वतःचे, आणि त्यांचा तिला फार गर्व. मांडीवर सेतुरावांचा चेन्नईचा नातू, दात यायच्या वयाचा, समोर दिसेल ते चघळणारा.

"ये गे कमळे," ती म्हणाली. माझ्या आईची ती मैत्रीण, तिच्यासाठी मी डॉक्टर कधी झालेच नाही. "गावची अस्की पोटं बघून झाली की?"

"सगळी झाली, एक राहिलंय," मी म्हटलं.

ती खळखळून हसली. बोलताबोलता तिनं डब्यातला मुरुक्कू (म्हणजे तुमची चकली) काढला, पुढच्या दातांनी तोडला, चावून चावून मऊ केला, आणि बोटावर घेऊन पोराच्या तोंडात घातला. पोरगं मिटक्या मारू लागलं. चेन्नईची सून भिंतीकडे बघत होती.

"अक्का," मी म्हटलं, "तुमच्या घरात उष्टं?"

"लेकराला कसलं उष्टं गे? आईच्या तोंडचं उष्टं होत न्हाई. माझे दोघं भाऊ असेच वाढले. आई गेली तेव्हा सेतूला दात न्हवते, अण्णा तर जेवायचाच न्हाई, मी चावून दिलं तरच खायचा. भारी लाडाचा वो तो."

मी मान वर केली. आतल्या दारात सेतुराव उभे होते, आणि माझ्याकडेच बघत होते. त्यांचा चेहरा मला आजही जसाच्या तसा दिसतो.

ते मला पोचवायला रस्त्यापर्यंत आले. चपला घालायच्या विसरले होते, हे त्यांच्या बाबतीत भूकंप झाल्यासारखंच.

"तुम्हाला काय वाटलं, डॉक्टर, मला ठाऊक नव्हतं?" ते म्हणाले. "तुम्ही 'जवळच्याच्या तोंडातून' म्हणालात, तेव्हाच मला कळलं. आम्हाला दुसरं जवळचं होतं कोण? अण्णा तिच्या तोंडचं खाऊन वाढला. हे तिला कळलं तर ती काय समजेल, सांगा. आपणच मारलं भावाला, असंच समजेल. तिला तपासायला आणलं की ती विचारणार, का? कशाला? ते कुठून येतं? तिला मी खोटं सांगू शकत नाही. म्हणून सोवळ्याचं नाटक करतो. मला हसायचं तर हसा."

माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणायची. त्या दिवशी मी एकेक शब्द मोजून काढला.

"सेतुराव," मी म्हटलं, "तिच्या पोटातही तीच असणार. अण्णांचं झालं ते तिचं झालं तर?"

म्हशींचा कळप आला, त्याला वाट द्यायला ते कडेला सरकले. मग म्हणाले, "तपासा. पण तिला कळता कामा नये."

असा आमचा कट ठरला. अक्काला सांगायचं, गॅसची तपासणी आहे. सिस्टर, रिसेप्शनिस्ट, झाडूवाली, सगळ्यांना मी बजावलं, पूचीचं नाव कुणी काढायचं नाही. ताकास तूर लागू द्यायची नाही. अक्का नव्या नऊवारीत, लग्नाला निघाल्यासारखी आली. मी विचारलं, "अक्का, गोळ्या काही? गॅसची गोळी?" सेतुराव मध्येच म्हणाले, "अक्का औषधाला शिवत नाही. कधीच नाही." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर, तेही अभिमानानं. तिसऱ्यांदा विचारायचं म्हणजे घराण्याचा अपमान. मी म्हटलं, "गिळा, अक्का."

पडद्यावर अस्तर फिकं, विरलेलं, आतल्या शिरा दिसत होत्या. खालच्या अंगाला मसुरीच्या डाळीएवढा एक लालसर डाग. मी त्याचे तुकडे घेतले, एक तुकडा जेलीवर ठेवला. जेली पिवळी राहिली. सेतुराव त्या जेलीला हात जोडून उभे. "पिवळी! डॉक्टर, पिवळीच आहे!" म्हणजे अक्काच्या तोंडातून आलंच नव्हतं, म्हणजे अण्णांना तिनं दिलं वगैरे सगळं त्यांच्याच डोक्यातलं खूळ. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या मनात मात्र खुटखुट. इतकं झिजलेलं पोट आणि पूचीचा पत्ता नाही?

घसा बधिर असेपर्यंत काही प्यायचं नसतं, ठसका लागतो. अक्कानं कॉफी मागितली, सिस्टर नको म्हणाली.

"कॉफी नक्को तर नक्को," अक्का म्हणाली, "गोळी तरी घेऊ की?" आणि कनवटीतून चंदेरी पाकीट काढलं.

"ही कधीपासून घेता?" मी विचारलं.

"अण्णा गेल्यापासून. त्याची उरलेली होती, टाकवेना. संपली की वाण्याच्या पोराकडून आणवते. रोज पहाटे एक, आजही घेतली. औषध न्हवे गे ते, गॅसची गोळी."

सेतुरावांनी कपाळाला हात लावला. औषधाला न शिवणारी बहीण त्यांच्या नाकाखाली रोज गोळी खात होती, आणि माझी जेली खोटं बोलली होती. गोळी बंद केली, दोन आठवड्यांनी पुन्हा नळी घातली, आणि जेली अशी गुलाबी झाली की नुसती बघत राहावं. त्याआधीच त्या लालसर डागाचा रिपोर्ट आला होता. कर्करोग होता. पण अगदी वरवरचा, नुकता मूळ धरू पाहणारा. नवरात्रात मी हळदीकुंकवाला गेले नसते, तर अक्काही अण्णांच्याच वाटेनं गेली असती.

चेन्नईच्या एका मोठ्या इस्पितळात त्यांनी तो नळीतूनच सोलून काढला, पोट फाडावं लागलं नाही. अक्काला सांगितलं, मस होता. मग दोन आठवड्यांच्या गोळ्या. "तोंड कडू झालंय," एवढीच तिची तक्रार. कटातल्या एकानंही तोंड उघडलं नाही. मी स्वतःवर बेहद्द खूश होते. पोटात एक आणि ओठांवर एक ठेवणं मला जमतं, हे मला नव्यानंच कळलं होतं.

राहिली होती शेवटची तपासणी, पूची गेली की नाही बघायची. चेन्नईची सून पोराला घेऊन पोंगलला आलेली होती. त्या दिवशी अक्का लवकर आली आणि बाहेर बाकावर बसली. माझ्या बाहेरच्या खोलीत भिंतभर एक चित्र होतं. गावातल्या एका पेंटरकडून मी हौसेनं काढून घेतलेलं. एक आई घास चावून लेकराच्या तोंडात घालते, आणि तिच्या तोंडातून शिंगंवाली हिरवी पूची लेकरावर झेप घेते. वर लाल फुली, खाली ठळक तमिळमध्ये सगळा मजकूर. वर्षानुवर्षं ते तिथं होतं आणि एकाही पेशंटनं ते वाचल्याचं मला आठवत नाही, सगळ्यांचे डोळे टीव्हीवरच्या सिरियलला चिकटलेले. लोकांना मी शिव्या देत असे की शिकलेली माणसं, पण वाचत नाहीत. त्या दिवशी करंट गेला होता, माझी नळी इन्व्हर्टरवर चालू होती, पण टीव्ही बंद होता.

अक्का आत आली. टेबलावर झोपली नाही, खुर्चीवर बसली.

"कमळे, बाहेरच्या चित्रातली बाई मीच की?"

"अक्का, ते चित्र जुनं आहे..." सेतुराव घाईघाईनं म्हणाले.

"सेतू, तू बाहेर बस."

बँकेचा निवृत्त मॅनेजर गुपचूप बाहेर गेला.

"अण्णाला मीच दिलं की गे?"

या प्रश्नाचं उत्तर मला पाठ होतं. मी ते म्हटलं. कुणी कुणाला दिलं हे कुणालाच सांगता येत नाही, पाणी असेल, विहीर असेल, घरोघरी हेच, बहुतेकांना काही होत नाही, अण्णांना का झालं ते देवाला विचारा. ती ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती. मग मी म्हटलं, "बरं, तुम्हीच दिलं असं धरू. तुम्हाला कुणी दिलं?"

"आमच्या आईनं. ती पण असंच चावून द्यायची."

"तिला तिच्या आईनं. अक्का, शास्त्रज्ञ या पूचीची कुळी बघून सांगतात, कुठल्या माणसांचे पूर्वज कुठून चालत आले ते. आपली पूची राजांच्या फौजेबरोबर आलेली असेल. पोरांची मराठी गेली, अक्षरं गेली, पण आयांनी लेकरांना दिलेलं हे एक मात्र टिकलं."

हा विनोद मी परिषदांमध्ये केलेला आहे, आणि तिथं हमखास हशा येतो.

"मराठी पण त्याच तोंडानं दिलं होतं गे," अक्का म्हणाली. मग टेबलावर जाऊन स्वतःच डाव्या कुशीवर झोपली. या खेपेला तिची कनवट मी स्वतः तपासली होती. नळी घातली, तुकडा घेतला. आणि जेली पिवळी राहिली, खरीखुरी पिवळी.

"गेलं अक्का. अस्की गेलं."

"तोंड चोख झालं?"

"तंजावुरात इतकं चोख तोंड दुसऱ्या कुणाचं नाही."

"उगी सांगतेस. म्हातारीला बरं वाटावं म्हणून."

"डॉक्टर आहे मी, खोटं कशाला सांगू?"

"गॅसची तपासणी म्हणून सांगितलं तेव्हा पण डॉक्टरच होतीस."

घसा मोकळा होईपर्यंत ती बसून राहिली. सेतुराव दारात येऊन उभे राहिले. मग तिनं पिशवीतून कागदाची पुडी काढली. उपास सोडायला घरून आणलेला मुरुक्कू होता. एक घेतला, पुढच्या दातांनी अर्धा तोडला, चावून खाल्ला आणि उरलेला अर्धा माझ्यापुढं धरला.

"खा."

मी तिच्याकडे बघितलं. वाटलं, चेष्टा करते आहे. पण तिचे डोळे माझ्या तोंडावरून हलत नव्हते. मग कळलं. मी कितीही जेल्या दाखवल्या असत्या, कितीही रिपोर्ट वाचून दाखवले असते, तरी ही बाई यापुढं रोज सकाळी उठून आपल्या तोंडाचा संशय घेणार होती. त्या पोराला पुन्हा मांडीवर घेताना तिचा हात अडणार होता. मी आयुष्यभर गावाला शिकवलं होतं, दुसऱ्याच्या तोंडचं खाऊ नका. सिस्टर बघत होती, सेतुराव बघत होते.

मी तो अर्धा मुरुक्कू घेतला आणि तोंडात टाकला. जिऱ्याची चव होती, जरासा जास्त तळलेला. कड ओली होती. घास घशाशी येऊन अडला, कारण मला रडू फुटत होतं आणि रडताना मुरुक्कू उतरत नाही.

"गिळ," अक्का म्हणाली.

मी गिळलं.

ती माझ्या गळ्याकडे बघत राहिली, घास खाली जाईपर्यंत. मग पुडीत उरलेले मुरुक्कू नीट गुंडाळले, पिशवीत ठेवले आणि उठली.

"चल रे सेतू," ती म्हणाली. "पोर भुकेलं असेल."